हरकतीचा आवक क्रमांक

१४ मार्च २०२२ ला पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि सगळे नगरसेवक एकाच दिवशी माजी झाले. पुढे आयुक्तच प्रशासक. ७४ व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट सांगितलं आहे की मुदत पाच वर्षांची आणि ती संपायच्या आत नवी निवडणूक. प्रत्यक्षात ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले, आणि एवढ्या मोठ्या शहराचं अंदाजपत्रक वर्षामागून वर्ष सभागृहाशिवाय मंजूर होत राहिलं. 'निवडणुका घ्या' एवढी एकच मागणी घेऊन त्या काळात पुण्यात नागरिक एकत्र येऊ लागले. अशाच एका गटात मी सुरुवातीपासून आहे. त्या गटाच्या आत घडलेलं एक प्रकरण इथे मांडतो आहे. गटाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण बहुतेक सगळे अजून एकमेकांबरोबर काम करतात.

प्रकरण असं: निवडणुका वेळेवर घ्या म्हणणाऱ्या या गटाच्या स्वतःच्या कार्यकारिणीची मुदत संपली होती आणि निवडणूक झाली नव्हती. हे लेखी सांगणाऱ्या सदस्याला उत्तर मिळायला सात महिने लागले.

गटाची घडण

नवी पेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर दुसऱ्या शनिवारी बैठक भरायची. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक, त्यांना सगळे 'सर' म्हणतात. सरचिटणीस बँकेतून निवृत्त झालेले, सगळ्यांचे 'काका'. दोघांनी पदरमोड करून, उन्हातान्हात उभं राहून हा गट वाढवला. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढच्या हकिकतीत वाईट हेतू कुणाचाच नव्हता. माहिती अधिकारात अर्ज टाकणं, क्षेत्रीय कार्यालयांत जाऊन कामांच्या याद्या मागणं, गुडलक चौकात सह्या गोळा करणं, महापालिकेसमोर धरणं, अशी कामं चालत.

जुलै २०२२ मध्ये गटाने छोटी नियमावली केली: अकरा जणांची कार्यकारिणी, मुदत दोन वर्षं, वर्षातून एक सर्वसाधारण सभा. पुढच्या वर्षी बैठकीत आणखी एक नियम तोंडीच ठरला. गटाची भूमिका फक्त सर किंवा काका मांडतील, आणि गटाच्या कामाबद्दल कुणाला समाजमाध्यमांवर काही लिहायचं असेल तर आधी काकांना दाखवायचं. त्याला कारणही होतं. एका उत्साही कार्यकर्त्याने न्यायालयातल्या तारखेबद्दल चुकीची बातमी पसरवली होती आणि पत्रकारांनी फोन करकरून सरांना हैराण केलं होतं.

जुलै २०२४ आला आणि गेला. सर्वसाधारण सभा झाली नाही. विषय एकदा निघाला तेव्हा काका म्हणाले, "कोणत्याही क्षणी निवडणुका लागतील. त्या पार पडू देत, मग आपलं बघू." सगळ्यांनी माना डोलावल्या.

पत्र

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. रुग्णांचा मोठा भाग सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातला होता आणि संशय पाण्यावर गेला. नांदेड, किरकटवाडी ही गावं जून २०२१ च्या अखेरीस महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी. समावेश झाला तेव्हा ग्रामपंचायती बरखास्त झाल्या आणि त्यानंतर या गावांना नगरसेवक निवडायची संधीच मिळाली नव्हती. सरपंच गेला होता, नगरसेवक आलाच नव्हता. नळाला गढूळ पाणी आलं तर कुणाच्या दारात जायचं, हा तिथल्या बायकांचा रोजचा प्रश्न होता.

गटातली एक कार्यकर्ती त्याच पट्ट्यात राहते. घरी शिकवण्या घेते. पेठांतल्या धरण्याला ती दोन बस बदलून यायची आणि तिच्या भागातल्या सह्या तिनेच गोळा केल्या होत्या. साथ भरात होती त्याच आठवड्यात गटाने शहराच्या मध्यभागी घटनादुरुस्तीवर व्याख्यान ठेवलं. तिने फेसबुकवर लिहिलं की आपली चळवळ या आठवड्यात सभागृहात बसायला नको होती, आमच्या गल्लीत यायला हवी होती. संध्याकाळी काकांचा फोन गेला: "ताई, पोस्ट काढा. आपल्यातलं बाहेर दिसायला नको."

तिने पोस्ट काढली. आणि फेब्रुवारीत कार्यकारिणीच्या नावे हाताने लिहिलेलं दोन पानी पत्र दिलं.

मुद्दे पाच होते. कार्यकारिणीची मुदत संपून सात महिने झाले, सभा बोलावलेली नाही, आणि शासन जे कारण देतं तेच कारण आपण देतो, हा पहिला. दुसरा, अकरांतला एकही जण समाविष्ट गावांतला नाही. तिसरा पत्रकावर होता. आपल्या पत्रकात 'तीन वर्षं पुण्याला लोकप्रतिनिधी नाही' असं छापलं आहे. ते चूक आहे, आमदार-खासदार आहेत, नगरसेवक नाहीत असं लिहायला हवं. शिवाय २३ गावांसाठी ही मुदत २०२१ पासून मोजायला हवी, म्हणजे पत्रकाने आम्हाला हिशेबातच धरलेलं नाही. चौथा मुद्दा परवानगीच्या नियमावर: लिहायच्या आधी दाखवा म्हणणारी संघटना सरकारला अभिव्यक्तिस्वातंत्र्य कोणत्या तोंडाने शिकवणार? पाचवा पैशाचा. व्याख्यानाच्या सभागृहाचं भाडं एका इच्छुक उमेदवाराने भरल्याचं तिने ऐकलं होतं, त्याचा खुलासा तिला हवा होता.

इतिवृत्त

फेब्रुवारीच्या बैठकीत पत्र वाचलं गेलं नाही. काकांनी त्याचा सारांश दोन वाक्यांत सांगितला. त्यातला पाचवा मुद्दा ऐकून दोघे-तिघे भडकले आणि बाकीच्या चारांवर कुणी बोललंच नाही.

मार्चच्या बैठकीत कार्यक्रमपत्रिकेवरचा पहिला विषय नेहमीचाच, 'मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. सहचिटणीसाने भराभर वाचलं. त्यात ओळ होती: 'एका सदस्याने काही सूचना केल्या, त्यावर सविस्तर चर्चा झाली.' ती उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता. म्हणाली, "माझे पाचही मुद्दे इतिवृत्तात घ्या. नाहीतर हे इतिवृत्त कायम करायला माझी हरकत आहे." खोलीत चुळबुळ झाली. सर म्हणाले, "ताई, एवढ्याशा गोष्टीसाठी..." ती म्हणाली, "सर, महापालिकेच्या मुख्य सभेचं इतिवृत्त आपणच माहिती अधिकारात मागवतो ना? त्यात कोण काय बोललं ते नसलं की आपण चिडतो."

मला या प्रकरणातली ही सगळ्यात शहाणी खेळी वाटते. तिने कुणाच्या मनाच्या मोठेपणाला हात घातला नाही. जिथे हरकत घेण्याची जागा आयती असते आणि जिथे कुणीच ती घेत नाही, तिथे तिने ती घेतली. मुद्दे इतिवृत्तात घ्यावे लागले.

त्यानंतर जी चर्चा झाली तिच्यातले युक्तिवाद कुठल्याही चळवळीतल्या माणसाला पाठ असतील. 'विरोधकांच्या हाती कोलीत देऊ नका.' 'प्रकरण न्यायालयात आहे, ही वेळ नव्हे.' 'घरातलं चव्हाट्यावर नको.' यांपैकी एक युक्तिवाद मला आजही वजनदार वाटतो. काका म्हणाले, "काम करणारी पंधरा माणसं आहेत. दमलेल्या माणसाला आणखी प्रश्न विचारले की तो घरी बसतो." हे खरं आहे. लोकशाहीसाठी झगडणाऱ्या गटांत पगार नसतो, बढती नसते, कौतुकही फारसं नसतं, आणि टीका मात्र थेट माणसाच्या निष्ठेवर आल्यासारखी लागते. पण त्याचा उपाय टीका टाळणं हा नव्हे. टीकेला वेळ आणि जागा नेमून दिली की ती चहाच्या टपरीवर, फोनवर, पाठीमागे करावी लागत नाही, आणि दमलेल्या माणसाला चोवीस तास तिचा धसका राहत नाही.

'ही वेळ नव्हे' याबद्दल मात्र पुण्यात बसून बोलणाऱ्याला एक जुनं प्रकरण टाळता येत नाही. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यामुळे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. आगरकर केसरीचे पहिले संपादक. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, यावर मतभेद वाढले, १८८७ मध्ये आगरकरांनी केसरीचं संपादकपद सोडलं आणि १५ ऑक्टोबर १८८८ ला 'सुधारक' काढला. आगरकर हयात असताना याच शहरात त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. बैठकीत हे उदाहरण दोन्ही बाजूंनी दिलं. सर म्हणाले, मतभेद असूनही दोघं मोठेच राहिले. एक तरुण वकील सदस्य म्हणाले, पण एकाला दुसरं घर बांधावं लागलं, आणि अवघ्या ३९ व्या वर्षी, १८९५ मध्ये तो गेला, तोवरची किती ताकद त्या घरावर खर्च झाली? मी वकिलांच्या बाजूचा. मतभेद झाला की भिन्न मताच्या माणसाने आपला कागद आणि आपला छापखाना शोधावा, ही आपल्या सार्वजनिक जीवनाची सवय झाली आहे. प्रत्येक फुटीनंतर उरलेले म्हणतात, आता एकमत आहे.

थांबलेलं पत्र

६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार आठवड्यांत अधिसूचित करा, असा आदेश दिला. गटात पेढे वाटले गेले. आणि पत्राचा विषय मागे पडला. मे, जून, जुलै, प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेवर तो शेवटी असायचा आणि वेळ संपायची.

कोंडी फुटली ती ऑगस्टमध्ये, आणि फोडली महापालिकेच्याच पद्धतीने. प्रारूप प्रभागरचना जाहीर झाली: ४१ प्रभाग, १६५ जागा. हरकती-सूचनांसाठी मुदत होती. आमची खोली नकाशांनी भरली. कुणी नाल्यांच्या हद्दी तपासतंय, कुणी वस्ती मधोमध तुटल्याची हरकत लिहितंय. हरकत दाखल केली की आवक क्रमांक मिळतो आणि नंतर सुनावणीला बोलावणं येतं. इंजिनिअरिंगला शिकणारा एक मुलगा पोचपावत्यांची फाइल लावत होता. त्याने सहज विचारलं, "काका, ज्या प्रशासनाशी आपण भांडतो ते आपल्या हरकतीला नंबर देतं, सुनावणी घेतं. ताईंच्या पत्राला नंबर आहे का?"

काका बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. मग रजिस्टर काढलं, त्यात पहिल्या पानावर पत्राची नोंद केली, आणि तिला पोच दिली. पत्राच्या तारखेसह आणि त्या दिवशीच्या तारखेसह. मागची तारीख घालून झाकाझाक केली नाही, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

सुनावणी

सप्टेंबरमधल्या एका रविवारी सुनावणी झाली. हरकत कार्यकारिणीवर होती म्हणून सरांनी स्वतः अध्यक्षाची खुर्ची सोडली आणि कार्यकारिणीबाहेरच्या एका ज्येष्ठ वकीलबाईंना ती दिली. पद्धत साधी ठरली: हरकत घेणारी मुद्दा वाचेल, जबाबदार माणूस उत्तर देईल, मग इतर, आणि प्रत्येक मुद्द्यावर तिथल्या तिथे लेखी नोंद.

वकीलबाईंनी सुरुवात पाचव्या मुद्द्याने केली, कारण त्याच्यावर सगळ्यांचा राग होता. खजिनदाराने पावतीपुस्तक आणि बँकेचं पासबुक टेबलावर ठेवलं. भाडं गटाच्या खात्यातून गेलं होतं. ज्याच्याबद्दल चर्चा होती त्या इच्छुकाने श्रोता म्हणून हजेरी लावली होती, पैसे दिले नव्हते. तिने दोन्ही कागद नीट पाहिले आणि म्हणाली, "हा मुद्दा मी मागे घेते. ऐकीव गोष्ट पत्रात लिहायला नको होती." तसं लेखी दिलं.

त्या क्षणी एक सदस्य उठून म्हणाले, "बघा, सगळं पत्रच असं आहे." वकीलबाईंनी त्यांना थांबवलं: एक मुद्दा पडला म्हणजे चार पडत नाहीत, पुढचा घ्या. टीका बुडवायची आपली नेहमीची रीत हीच असते. पाचातला एक कच्चा दुवा शोधायचा, त्यावर बोट ठेवायचं आणि बाकीचा कागद टोपलीत टाकायचा. टीकाकार निर्दोष असेल तरच ऐकू, असं म्हटलं तर जगात कुणाचंच ऐकावं लागणार नाही.

पत्रकातली चूक दहा मिनिटांत मान्य झाली. मुदतीच्या मुद्द्यावर काका उभे राहिले. त्यांनी बचाव केला नाही. म्हणाले, "मला भीती होती की निवडणूक घेतली तर काम थांबेल." सभेची तारीख तिथेच ठरली.

खरा वाद परवानगीच्या नियमावर झाला आणि तो दोन तास चालला. वकीलबाईंनी कायद्याची बाजू सांगितली. अनुच्छेद १९ मधलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य नागरिकाला मुख्यतः शासनाविरुद्ध मिळतं, खासगी गट आपल्या सभासदांसाठी शिस्तीचे नियम करू शकतो. म्हणजे गटाने घटनाभंग केला असं कुणी म्हटलं, तर ते कायद्यात टिकत नाही. मग त्यांनी एक निकाल सांगितला. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ ला, जबलपूर प्रकरणात पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी सांगितलं की बेकायदा अटकेविरुद्धही नागरिकाला त्या काळात न्यायालयात दाद मागता येणार नाही. एकट्या न्या. एच. आर. खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. त्यांना किंमत मोजावी लागली. पुढच्या जानेवारीत ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. पण त्यांचा निकाल चौघांच्या निकालाबरोबर त्याच अहवालात छापलेला राहिला. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताचा तो निकाल चुकीचा ठरवला, तेव्हा खन्नांचं म्हणणं शोधायला कुठे लांब जावं लागलं नाही. "आपल्या कागदावर भिन्नमताला जागा असू दे," एवढंच बाई म्हणाल्या.

नवा नियम असा झाला. सदस्य स्वतःच्या नावाने काहीही लिहू शकतो, फक्त 'हे माझं मत आहे, गटाचं नव्हे' असं लिहायचं. न्यायालयातल्या तारखा, आकडे, आदेश यांची खातरजमा काकांकडून करून घ्यायची. मत मात्र दाखवायचं नाही. गटाच्या निर्णयाशी असहमत असलेले पाच जण मिळून लेखी भिन्नमत देऊ शकतात आणि ते निर्णयासोबतच प्रसिद्ध करायचं. हरकतीला क्रमांक आणि तीस दिवसांत लेखी उत्तर.

एका संस्थापक सदस्याने त्याच आठवड्यात राजीनामा दिला. त्यांच्या मते आम्ही गटाचं वादसभेत रूपांतर केलं. त्यांचा राजीनामा पूर्ण मजकुरासह इतिवृत्तात घेतला.

निवडणूक आणि भिन्नमत

ऑक्टोबरमध्ये सर्वसाधारण सभेत गुप्त मतदान झालं. अकरा जागांसाठी सतरा उमेदवार. समाविष्ट गावांतले तिघं निवडून आले. काका पुन्हा सरचिटणीस झाले. ती उभी राहिली होती, थोड्या मतांनी पडली. अनेकांनी तिला 'फार प्रश्न विचारते' म्हणून मत दिलं नाही, हे मला चार जणांनी तोंडावर सांगितलं. म्हणजे नियम बदलला तेवढ्या वेगाने माणसं बदलली नाहीत. ती अजून दर दुसऱ्या शनिवारी येते.

नियमाची परीक्षा लवकरच झाली. महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला ठरलं. गटाने उमेदवारांकडून प्रभाग समित्यांच्या बैठका नागरिकांसाठी खुल्या ठेवण्याचं लेखी वचन घ्यायचं ठरवलं. काही सदस्यांना हे पटलं नाही, अशी वचनं पक्षांच्या प्रचाराला फुकटचा शिक्का पुरवतात असं त्यांचं म्हणणं होतं. पत्रकाच्या पुढच्या बाजूला निर्णय आणि मागच्या बाजूला त्यांचं भिन्नमत छापलं. आणि ज्याची भीती होती ते झालंच. एका पक्षाच्या कार्यकर्त्याने फक्त मागच्या बाजूचा फोटो काढून 'यांच्यातच एकमत नाही' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. दोन दिवस फोन आले. प्रत्येकाला उत्तर एकच होतं: हो, एकमत नाही, म्हणून तर आम्हीच छापलंय, दुसरी बाजूही वाचा. लपवलेलं काही बाहेर आलं नव्हतं, त्यामुळे खुलासा करायची वेळ आली नाही. हे नुकसान सोसण्याजोगं आहे असं मला वाटतं. ज्यांना तसं वाटत नाही असे लोक कार्यकारिणीत आहेत आणि ते नियम बदलायचा प्रस्ताव आणणार आहेत, तो त्यांचा हक्कच आहे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. गटातल्या तरुण मुलींना नावाने हरकत द्यायला संकोच वाटतो. ज्येष्ठ मंडळी त्यांच्या वडिलांना ओळखतात, कुणाची शिफारस, कुणाची प्रकल्पावरची सही त्यांच्याच हातात असते. निनावी हरकत घ्यावी का, यावर दोन बैठका झाल्या. एक बाजू म्हणते की निनावी पत्राने कुणाचीही बदनामी करता येते. दुसरी म्हणते की नावाची सक्ती केली तर ज्यांना सगळ्यात जास्त सांगायचं आहे त्या गप्प राहतील. माझं मत असं आहे की कामाच्या पद्धतीवरची हरकत निनावी घ्यावी आणि तिला क्रमांकही द्यावा. व्यक्तीवरचा आरोप मात्र नावानेच घ्यावा, पण ते नाव सुनावणी घेणाऱ्या बाहेरच्या माणसापलीकडे जाऊ नये. पुढच्या शनिवारी हा प्रस्ताव मी लेखी ठेवणार आहे. विरोधात पाच सह्या आधीच गोळा झाल्या आहेत.